वाद्यपथकाचे जुने छायाचित्र

मुलांनो, लग्नाच्या वरातीतला बँड तुम्ही पाहिला असेल. बँडवाल्यांच्या अंगात लाल किंवा निळा कोट असतो. कोटावर सोनेरी फिती असतात. खांद्यावर झालर आणि डोक्यावर तुरा लावलेली टोपी असते. गावातल्या एरवीच्या पोशाखापेक्षा हा पोशाख किती वेगळा! तो आला कोठून? तो आला सैन्यातून. लष्करातल्या वाद्यपथकांचा गणवेश पाहून लग्नाच्या बँडवाल्यांनी आपला पोशाख तयार केला.

सैन्यात मात्र या पोशाखातली प्रत्येक फीत आणि प्रत्येक बिल्ला काहीतरी सांगत असतो. तो वाचता आला, तर जुने छायाचित्र बोलू लागते. ते कसे वाचायचे, हे या पाठात आपण शिकू.

आधी एक प्रश्न. लढाईच्या ठिकाणी वाजवणाऱ्यांचे काय काम?

पूर्वी टेलिफोन नव्हता, वायरलेस नव्हता. रणांगणावर धूळ, धूर आणि आरडाओरडा. अशा वेळी सेनापतीचा हुकूम हजारो सैनिकांपर्यंत पोहोचवायचा कसा? माणसाचा आवाज फार लांब जात नाही. वाद्याचा आवाज मात्र दूरवर जातो. म्हणून हुकूम वाद्यांवर वाजवून देत. एक सूर वाजला की पुढे जायचे, दुसरा वाजला की थांबायचे, तिसरा वाजला की मागे फिरायचे. सैनिक हे सूर पाठ करून ठेवत.

आपल्याकडेही हीच रीत होती. मराठ्यांच्या फौजेत नगारे, कर्णे आणि शिंगे वाजत. किल्ल्यांवर नगारखाने असत. रायगडावरच्या नगारखान्याची उंच कमान आजही उभी आहे. शिंग फुंकले की गडी सावध होत आणि नगारा झडला की कूच करत.

युरोपातल्या सैन्यांत हेच काम ड्रम आणि बिगूल यांच्याकडे होते. पायदळात ड्रम वाजे. घोडदळात ट्रंपेट वाजे. विरळ पसरून, झपाझप चालून लढणारे हलके पायदळ मात्र बिगुलाच्या सुरावर चाले. बिगूल हे साधे पितळी वाद्य आहे. त्याला दाबायच्या कळा नसतात. ओठांच्या फुंकेवर त्यातून चार-पाच सूर काढायचे आणि तेवढ्यावरच सगळे हुकूम द्यायचे!

आता गणवेशाकडे वळू. लढाई चालू असताना अधिकाऱ्याला एकदम हुकूम द्यायचा असे. तेव्हा वाजवणारा कोठे आहे, हे त्याला लगेच दिसायला हवे. शेकडो सैनिकांच्या गर्दीत एकाला शोधणार कसे? म्हणून वाजवणाऱ्याचा पोशाख मुद्दाम वेगळा ठेवत. अठराव्या शतकात ब्रिटिश सैन्यात इतर सैनिकांचे कोट लाल असत आणि त्यांची कॉलर व बाहीची टोके दुसऱ्या रंगाची असत. ड्रम वाजवणाऱ्यांचे बहुधा याच्या उलट असे. कॉलरचा जो रंग, त्या रंगाचा त्यांचा सगळा कोट! शिवाय बाह्यांवर फितींच्या ओळी शिवलेल्या असत. खांद्यावर पंखासारखे उंच शिवलेले तुकडे असत. जर्मनीत या खांद्यावरच्या तुकड्यांना ‘पाकोळीची घरटी’ असे गमतीदार नाव पडले.

म्हणजे हा झगमगाट केवळ शोभेसाठी नव्हता. ‘हुकूम देणारा आवाज येथे आहे,’ हे सांगणारी ती खूण होती.

आता आपण एक छायाचित्र डोळ्यांसमोर आणू. सिंगापूर देशात हौगांग नावाचा भाग आहे. जुने लोक त्याला ‘आउ कांग’ म्हणत. आज तेथे उंच उंच इमारती आहेत. सिंगापूरमध्ये मराठी कुटुंबेही राहतात. समजा, हौगांगच्या एका घरात मराठी मुलीला ट्रंकेत एक पिवळे पडलेले छायाचित्र सापडले. त्यात एक तरुण उभा आहे. अंगावर गणवेश आहे. हातात बिगूल आहे. मागे काहीच लिहिलेले नाही. आई म्हणते, ‘आपल्या घराण्यातले कोणीतरी सैन्यात होते, एवढेच मला ठाऊक आहे.’ हा तरुण कोण, कोणत्या पलटणीतला, कोणत्या काळातला? सांगणारे कोणी उरलेले नाही. आता त्याचे कपडेच काय ते सांगतील.

प्रथम हात पाहायचे. हातात बिगूल असेल तर तो बिगूल वाजवणारा, काखेत फुगीर पिशवी आणि त्यातून वर निघालेल्या नळ्या असतील तर तो बॅगपाइप वाजवणारा. एखाद्याच्या हातात लांब, जाड, गोंडे लावलेला दंड दिसतो आणि छातीवरून तिरपा रुंद पट्टा जातो. तो ड्रम मेजर, म्हणजे संचलनात पथकाच्या पुढे चालणारा प्रमुख. त्याच्या पट्ट्यावर नीट पाहा. ड्रम वाजवण्याच्या काड्यांची एक छोटीशी जोडी तेथे अडकवलेली असते. ती फक्त शोभेची असते. मोठा ढोल वाजवणाऱ्याच्या अंगावर कधी कधी बिबट्याचे कातडे दिसते. ढोल पोटावर घासून गणवेश खराब होऊ नये, हा त्याचा उपयोग होता. आता बऱ्याच पथकांत बनावट कातडे वापरतात.

मग बाही पाहायची. बाहीवर कापडाचे किंवा धातूचे छोटे चिन्ह असते. ड्रम वाजवणाऱ्याला ड्रमाचे चिन्ह, बिगूल वाजवणाऱ्याला बिगुलाचे, ट्रंपेट वाजवणाऱ्याला एकमेकांवर तिरप्या ठेवलेल्या दोन ट्रंपेटचे आणि बॅगपाइप वाजवणाऱ्याला बॅगपाइपचे. बँडमधल्या इतर वादकांना ‘लायर’ नावाच्या वाद्याचे चिन्ह असते. लायर हे प्राचीन ग्रीक लोकांचे तंतुवाद्य. बँडमध्ये ते कोणी वाजवत नाही, पण संगीताची खूण म्हणून ते बाहीवर राहिले आहे.

बाहीवर फितीही असतात. चिमटा उघडून धरावा तसा त्यांचा आकार असतो. दंडावर एक फीत असेल तर लान्स नाईक, दोन असतील तर नाईक आणि तीन असतील तर हवालदार. या फितींचे टोक खाली असते. ड्रम मेजरच्या फिती मात्र वेगळ्या. त्या चार असतात, मनगटाजवळ असतात आणि त्यांचे टोक वर असते. म्हणून फिती मोजायच्या, त्या बाहीवर कोठे आहेत ते पाहायचे आणि टोक कोणीकडे आहे तेही पाहायचे.

त्यानंतर टोपीवरचा किंवा फेट्यावरचा बिल्ला. बिल्ल्यावर बिगूल कोरलेला असेल, तर ती पलटण हलक्या पायदळाची किंवा रायफलधारी सैनिकांची असू शकते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बिल्ल्यावर बिगूल आहे. पण बिगूल दिसला की पलटण मराठ्यांचीच, असे लगेच म्हणायचे नाही. इतर काही पलटणींच्या बिल्ल्यांवरही बिगूल असतो. मग खात्री कशाने होईल? खांद्याकडे पाहून! खांद्यावरच्या पट्टीवर पितळी अंक किंवा अक्षरे बसवलेली असतात. भिंगातून पाहिले तर पुष्कळदा ती वाचता येतात.

या अंकांची एक मजेदार गोष्ट आहे. मराठा लाइट इन्फंट्रीची सर्वांत जुनी पलटण १७६८ साली मुंबईत उभी राहिली. तिला ‘जंगी पलटण’ म्हणतात. दुसऱ्या एका जुन्या पलटणीला ‘काळी पाचवी’ म्हणत, कारण मुंबईच्या सैन्यात तिचा क्रमांक पाचवा होता. १९०३ साली सगळ्या हिंदुस्थानी सैन्याचे क्रमांक नव्याने ठरले. तेव्हा मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत शंभर मिळवले. पाचवीची झाली एकशे पाचवी, तिसरीची एकशे तिसरी आणि दहावीची एकशे दहावी. पुढे १९२२ साली मराठ्यांच्या या पलटणी एकत्र करून ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ हे पथक बनले. या पथकाचे केंद्र बेळगावला आले. ते आजही तेथेच आहे.

आता तुम्हीच सांगा. खांद्यावर १०५ हा अंक दिसला, तर छायाचित्र कोणत्या काळातले? १९०३ च्या आधीचे ते असू शकत नाही, कारण तेव्हा हा क्रमांकच नव्हता. १९२२ नंतर तो क्रमांक राहिला नाही. म्हणजे छायाचित्र या दोन सालांच्या मधले. एका छोट्या पितळी अंकाने एवढे सांगितले!

बिल्ल्यावरचा मुकुटही काळ सांगतो. इंग्रजांचे राज्य होते तेव्हा बिल्ल्यांवर राजाचा किंवा राणीचा मुकुट असे. २६ जानेवारी १९५० रोजी भारत प्रजासत्ताक झाला. मुकुट गेला आणि त्याच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. बिल्ल्यावर सिंह दिसले, तर ते छायाचित्र स्वतंत्र भारतातले, हे नक्की.

छातीवरची पदकेही पाहायची. पहिल्या महायुद्धात १९१४ किंवा १९१५ साली आघाडीवर गेलेल्या सैनिकांना ताऱ्याच्या आकाराचे पदक मिळाले. त्याच्यासोबत दोन गोल पदके असत. ही तीन पदके ज्याच्या छातीवर आहेत, त्याचे छायाचित्र महायुद्ध संपल्यानंतरचे.

वाद्यपथकाच्या छायाचित्रात एक मोठी सोय असते. ती म्हणजे मोठा ढोल. तो बहुधा पुढे मधोमध ठेवलेला असतो. ढोलाच्या अंगावर पलटणीचे नाव, चिन्ह आणि तिने गाजवलेल्या लढायांची नावे रंगवलेली असतात. ढोल म्हणजे पलटणीची पाटीच!

पण सावध राहायला हवे. जुनी छायाचित्रे कधी कधी फसवतात. पूर्वीच्या छायाचित्रांच्या काचांवर लाल रंगाचा प्रकाश नीट उमटत नसे. त्यामुळे भडक लाल कोट काळसर दिसे आणि निळी फीत पांढुरकी दिसे. फार जुनी, धातूच्या पत्र्यावर काढलेली छायाचित्रे आरशातल्यासारखी उलटी असत. त्यांत उजवा हात डावा वाटे. हे ओळखायचे कसे? बिल्ल्यावरची अक्षरे उलटी दिसतात का, ते पाहायचे. स्टुडिओत मागे दिसणारा डोंगर किंवा महाल हा बहुधा पडद्यावर रंगवलेला असे. त्यावरून गाव ओळखायला गेलो, तर आपण चुकू. म्हणून एकाच खुणेवर विश्वास ठेवायचा नाही. दोन-तीन खुणा जुळल्या, तरच खरे मानायचे.

आता त्या बिगूलवाल्या तरुणाकडे पुन्हा पाहू. समजा, त्याच्या बिल्ल्यावर बिगूल आणि मुकुट आहे. छातीवर महायुद्धाची तीन पदके आहेत. दंडावर दोन फिती आहेत. मग आपण काय म्हणू? मुकुट आहे, म्हणजे १९५० च्या आधीचे छायाचित्र. पदके आहेत, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरचे. दोन फिती आहेत, म्हणजे तो नाईक होता. दुसऱ्या महायुद्धाचे एकही पदक नाही, म्हणजे बहुधा त्या युद्धाच्या आधीचे. नाव अजून कळले नाही, पण अंधारात उभा असलेला माणूस थोडा उजेडात आला.

एवढी खटपट कशासाठी करायची, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासात आहे.

वाद्यपथकातला सैनिक फक्त वाजवत नसे. लढाई पेटली की पुष्कळ पलटणींत बँडमधले लोक वाद्ये बाजूला ठेवत आणि स्ट्रेचर उचलत. गोळ्यांच्या वर्षावात जखमी सोबत्यांना उचलून आणणे हे त्यांचे काम असे. अशा सैनिकाच्या दंडावर ‘एस बी’ या दोन इंग्रजी अक्षरांची पट्टी असे. या अक्षरांचा अर्थ ‘स्ट्रेचर वाहणारा’. काल संध्याकाळी ज्याने सुरेल धून वाजवली, तोच आज जखमींना खांदा देई.

पहिल्या महायुद्धात मराठ्यांच्या १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराक देशात लढायला गेल्या. तेथे कूट नावाच्या गावात त्यांना तुर्की सैन्याने वेढले. वेढा डिसेंबर १९१५ मध्ये पडला. अन्न संपत आले. सैनिकांनी जवळजवळ पाच महिने दम धरला. शेवटी २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्याला शरण जावे लागले. पुढे वाळवंटातल्या कैदेत उपासमारीने आणि आजाराने पुष्कळ सैनिक मरण पावले. ते घरी परतले नाहीत. कित्येक घरांत मागे उरले ते फक्त एक छायाचित्र.

सिंगापूरमध्येही अशी आठवण आहे. दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर जपानी सैन्याच्या हाती गेले. तेथे हजारो भारतीय सैनिक कैद झाले. युद्ध संपल्यावर ५ सप्टेंबर १९४५ रोजी पाचवी भारतीय डिव्हिजन सिंगापूरला उतरली. या सैनिकांच्या दंडावर काळ्या कापडावर लाल गोळा असे चिन्ह होते. साध्या छायाचित्रात तो गोळा राखाडी दिसतो. पण तो पाहून आपण ओळखू शकतो, की हे लोक कोण होते. १२ सप्टेंबर १९४५ रोजी सिंगापूरच्या नगरपालिकेच्या इमारतीत जपानी सेनाधिकाऱ्याने शरणपत्रावर सही केली. सिंगापूरच्या उत्तर भागात क्रांजी येथे युद्धस्मारक आहे. ज्यांची कबर कोठे आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशा २४,००० हून अधिक लोकांची नावे तेथील भिंतींवर कोरलेली आहेत. त्यांत भारतीय सैनिकांची नावे पुष्कळ आहेत.

विचार करा. क्रांजीच्या भिंतींवर नावे आहेत, पण चेहरे नाहीत. जुन्या ट्रंकांमधल्या छायाचित्रांत चेहरे आहेत, पण नावे नाहीत. कोणी नीट पाहिले, खुणा वाचल्या आणि विचारपूस केली, तर एखादे नाव आणि एखादा चेहरा पुन्हा एकत्र येईल.

आज लढाईत हुकूम द्यायला बिगूल लागत नाही. ते काम वायरलेस करतो. तरीही वाद्यपथके टिकून आहेत. मध्य प्रदेशात पचमढी येथे भारतीय सैन्याची संगीतशाळा आहे. दरवर्षी २९ जानेवारीच्या सुमारास नवी दिल्लीत सूर्यास्ताच्या वेळी लष्करी बँडचा मोठा कार्यक्रम होतो. सिंगापूरमध्येही ९ ऑगस्टला राष्ट्रीय दिनाच्या संचलनात लष्करी बँड वाजतो. त्या वादकांच्या बाहीवर आणि टोपीवर नजर टाका. जुन्या खुणांची भावंडे तुम्हांला तेथे भेटतील.

मुलांनो, आपल्या घरातली जुनी छायाचित्रे एकदा आजी-आजोबांजवळ बसून पाहा. कोण, कोठे, कधी, हे त्यांना विचारा. सांगितलेले छायाचित्राच्या मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहून ठेवा. पेनाची शाई पुढच्या बाजूला उमटते, म्हणून पेन वापरू नका. आजोबांना सैन्यातला एखादा शब्द आठवला, तर तोही लिहा. आज सांगणारे माणूस घरात आहे. उद्या तेच विचारायला गेलात, तर फक्त फिती आणि बिल्ले उत्तर देतील.

शब्दार्थ

पलटण – सैनिकांची मोठी तुकडी. कूच करणे – सैन्याने पुढे निघणे. बिल्ला – टोपीवर किंवा कपड्यावर लावायचे चिन्ह. संचलन – सैनिकांचे रांगेत, तालावर चालणे. तंतुवाद्य – तारा छेडून वाजवायचे वाद्य. दम धरणे – न डगमगता टिकून राहणे.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हलक्या पायदळाला कोणत्या वाद्यावर हुकूम देत?
(आ) ड्रम मेजरच्या पट्ट्यावर काय अडकवलेले असते?
(इ) मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र कोठे आहे?

२. कारणे लिहा.
(अ) वाजवणाऱ्या सैनिकांचा पोशाख इतरांपेक्षा वेगळा असे.
(आ) जुन्या छायाचित्रात लाल कोट काळसर दिसतो.
(इ) बिल्ल्यावर बिगूल दिसला तरी पलटण मराठ्यांचीच असे लगेच म्हणता येत नाही.

३. विचार करून सांगा.
(अ) एका सैनिकाच्या खांद्यावर ११० हा अंक आहे. ते छायाचित्र कोणत्या दोन सालांच्या मधले असेल? १९०३ च्या आधी त्या पलटणीचा क्रमांक कोणता होता?
(आ) टोपीवरच्या बिल्ल्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत. यावरून काय कळते?

४. उपक्रम
घरातले एक जुने छायाचित्र घ्या. त्यातील माणसांचे कपडे, दागिने, हातातल्या वस्तू आणि मागची जागा यांचे निरीक्षण करा. तुम्हांला काय काय कळले, ते दहा ओळींत लिहा. नंतर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा आणि तुमचे कोणते अंदाज बरोबर ठरले ते पाहा.